सातवालीची कानतपासणी

"मी तीनदा सांगितलं."

"कुणाला? भिंतीला?"

"तुला! इथं दारात उभं राहून. दूध उतू जातंय, दूध उतू जातंय, दूध उतू गेलं."

"पाठीमागून सांगितलं असणार. बोलायचं तर माणसानं समोर येऊन बोलावं. पाठीमागून चुगल्या करतात."

"म्हणजे दूध वर आलं की मी आधी ओट्याला वळसा घालायचा, तुझ्यासमोर येऊन उभं राहायचं आणि मग तोंड उघडायचं? तोवर दूध थांबणार आहे का?"

"तुम्ही तोंड उघडता कुठं? नुसती मिशी हलते. त्यापेक्षा मांजर बरं, निदान म्याव तरी करतं."

बायको ओटा पुसत होती आणि नवरा दारात उभा होता. ती खिळ्यांच्या कारखान्यात सात नंबरच्या मशीनवर सव्वीस वर्षं, म्हणून तिथं सगळे तिला सातवाली म्हणतात. तो वाचनालयात शिपाई. तीस वर्षं लोकांना "हळू बोला" सांगता सांगता त्याचा स्वतःचाच आवाज इतका हळू झाला, की भाजीवाला अजून त्याला पैसे परत देताना "मुके आहेत बिचारे" म्हणतो. जोडी जुळवणाऱ्यानं एकाचा आवाज काढून दुसरीला दिला असावा. ती घरात मीठ मागते ते शेजारची पाठवून देते.

"उद्या तुमच्या कारखान्यात कान तपासायला येणार आहेत," तो म्हणाला. या वेळी समोर येऊन.

तिनं फडकं पिळलं. "कुणी सांगितलं?"

"तुझ्या डब्याच्या पिशवीत कागद होता. ज्याला नीट ऐकू येत नाही त्याला मशीनवरून काढून पॅकिंगला पाठवणार, असं लिहिलंय."

"मला पॅकिंगला? मी पास होणार."

"कशी?"

"जसा तुमच्याशी संसार केला तशी. अंदाजानं."

तो हसला असावा. मिशी हलली, पण हसली की बोलली हे तिला कळलं नाही, आणि विचारायचं तर हरल्यासारखं झालं असतं.

सातवाली कारखान्यात आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिकडं तारेचं मोठं भेंडोळं मशीनमध्ये शिरतं, आत एक हातोडा तारेचं टोक ठेचून डोकं करतो, एक कातर पुढं टोक काढते, आणि खिळा खाली पडतो. एका मिनिटात अडीचशे. अशी बारा मशीनं, शिवाय खिळे घासायचं एक पिंप, त्यात भुसा आणि खिळे गरगर फिरतात. पहिल्या दिवशी तिनं कानात बोटं घातली आणि दुपारी बाहेर जाऊन ओकली. शेजारच्या मशीनवरची म्हातारी तिच्याकडं बघून तोंडभर काहीतरी म्हणाली. आवाज नाही, नुसते ओठ. दुसऱ्या दिवशीही तेच. आठ दिवस ती त्या ओठांकडं बघत राहिली, म्हातारी काही मोलाचा सल्ला देतेय म्हणून. नवव्या दिवशी एकदम उमगलं. ती शिवी होती.

तेव्हापासून ती शिकली. त्या शेडमध्ये कुणी आवाजानं बोलतच नाही. ओठ मोठे हलवायचे, भुवया कामाला लावायच्या, उरलेलं हातानं. चाळीस फुटांवरची नऊवाली तिला अख्ख्या लग्नाची हकीगत सांगते, मेहुणीच्या साडीच्या काठासकट, आणि मशीन एकदाही थांबत नाही. एकदा वीज गेली. बारा मशीनं एकदम गप्प. तरी पाच मिनिटं सगळे तसेच, बिनआवाजाचे, हातवारे करत बोलत होते. मग तीनवाल्याला शिंक आली, आणि सगळे दचकले.

आणि फोरमनची काचेची केबिन! तो आत फोनवर बोलायचा, दार लावून, पाठ फिरवायचा नाही, कारण शेडवर नजर ठेवायची असायची. सातवाली समोरच. त्याच्या ओठांवरून ती ऐकायची आणि पुढं पाठवायची. रविवारी जादा काम आहे. नवीन तार हलकी येणार आहे. सासूबाई पंधरा दिवस राहायला येतायत आणि साहेब म्हणतायत, "पंधराच ना? नक्की?" फोन खाली ठेवायच्या आत बाराव्या मशीनवर हसू पोचलेलं असायचं. बातम्या फुटतात कशा, हे फोरमनला कधीच कळलं नाही. त्यानं चहावाला बदलला. दोनदा.

तिच्यावर मात्र त्याचा राग उघड होता. कातर बोथट झाली की सातवाली मशीन बंद करायची. दिवसातून चारदा. तो धावत यायचा, "काय झालं?" ती म्हणायची, "खोकतंय." तो म्हणायचा, "मला तर काही ऐकू येत नाही." कातर काढली की खरंच बोथट निघायची, आणि त्यानं तो आणखी चिडायचा.

मग पॅकिंगला काय हरकत होती? तिथं पंखे आहेत, खुर्च्या आहेत, भिंती रंगवलेल्या आहेत, बारीक आवाजात रेडिओ लावतात. कुणीही म्हणेल, आराम. सातवाली तीन वर्षांपूर्वी मनगट दुखावलं म्हणून पंधरा दिवस तिथं होती. पॅकिंगच्या बायका खाली बघून, खोक्यात खिळे भरता भरता बोलतात. तोंड दिसत नाही. तिला आवाज यायचा, पण लापशीसारखा, वेगवेगळे दाणे लागायचेच नाहीत. ती अंदाजानं मान हलवायची, अंदाजानं हसायची. बाराव्या दिवशी शेजारची काहीतरी म्हणाली आणि सातवाली छानपैकी हसली. त्या बाईची आई आदल्या दिवशी गेली होती.

उरलेले तीन दिवस तिच्याशी कुणी बोललं नाही. बोललं असलं तरी तिला कळलं नाही.

हे तिनं घरी कुणाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आवारात एक गाडी येऊन उभी राहिली. मागं दार, दाराला पायऱ्या, आत दोन खोल्या, मधे जाड काच. कानाची डॉक्टरीण तिशीच्या आतली, आणि तिच्याबरोबर कागदाचा गठ्ठा सांभाळणारा एक मदतनीस. तो आधी शेडच्या दाराशी एकेकाला बाहेर बोलावून प्रश्न विचारत होता.

"कामाच्या जागी आवाजाचा त्रास होतो का? अजिबात नाही, थोडा, बराच, असह्य. यातलं एक सांगा."

"कसला आवाज?" तीनवाल्यानं विचारलं.

"हा!" मदतनीसानं शेडकडं हात केला. त्याला स्वतःला ओरडून बोलावं लागत होतं.

"हा होय. हा काय, आपलाच आहे. अजिबात नाही लिहा. पण माझ्या डोक्यावरचा पंखा टिक टिक करतो ना, तो असह्य लिहा. दोन वर्षं सांगतोय."

"पंख्याचा रकाना नाही."

"मग काढा. कागद तुमचाच आहे."

नऊवाली म्हणाली, "आवाज चालू असला की त्रास नाही. थांबला की होतो. थांबला म्हणजे काहीतरी मोडलं, मग फोरमन येतो. फोरमनची शिट्टी असह्य." मदतनीसानं विचारलं, "आणि जागा आरामशीर वाटते का?" ती म्हणाली, "स्टुलाचा एक पाय आखूड आहे. बाकी महाल आहे." पाचव्या मशीनवरचा, जो कधी बोलत नाही, तो म्हणाला, "घरी झोप लागत नाही. फार शांत असतं." आणि लाजून आत निघून गेला.

सातवालीची पाळी आली तेव्हा मदतनीस घामाघूम झाला होता.

"आवाजाचा त्रास?"

"तुम्हाला होतोय का?"

"मला? हो, डोकं फुटायची वेळ आलीय."

"मग तुमचंच नाव लिहा की."

गाडीत पहिला गेला तीनवाला. दहा मिनिटांनी बाहेर आला, शेडच्या दारात उभा राहिला आणि सगळ्यांकडं बघून ओठ हलवले. कोपर. बाईच्या कोपराकडं बघा.

सगळी विद्या एवढीच होती. कानावर हेडफोनच्या पेट्या लावून काचेसमोर बसवतात. पलीकडं डॉक्टरीण एक यंत्र चालवते, कानात बारीक शिट्टी वाजते, ती ऐकू आली की हातातलं बटण दाबायचं. तिचा हात यंत्राच्या आड असतो, पण कळ दाबली की कोपर किंचित हलतं. दिवसभर मशीनच्या हातोड्यावर नजर ठेवणाऱ्या माणसाला ते कोपर म्हणजे देवळाच्या घंटेएवढं. एकामागून एक दहा जण गेले आणि हसत परतले.

अकरावी आणि शेवटची सातवाली; बारावाला रजेवर होता.

ती खुर्चीत बसली, पेट्या लावल्या, आणि कोपरावर डोळे रोवले. हललं, दाबलं. हललं, दाबलं. उजव्या कानात दोन-तीनदा खरंच काहीतरी किणकिणलं, तेव्हा तिला उगाच अभिमान वाटला. डाव्या कानात सगळा कारभार कोपरावर. डॉक्टरीण खूश दिसत होती. मान हलवून तिनं कागदावर रेघ ओढली आणि शेजारच्या मदतनीसाकडं वळून काहीतरी बोलली. "या बाईंनी एप्रन उलटा घातलाय. सांगावं का?"

"उलटा मुद्दामच घातलाय!" सातवाली म्हणाली, तिच्या नेहमीच्या, मीठ मागायच्या आवाजात. "सुलट बाजूला तेल सांडलंय. तुमच्यासमोर तेलकट यायचं बरं दिसतं का?"

मदतनीसाच्या हातून गठ्ठा पडला.

डॉक्टरीण तिच्याकडं बघत राहिली. मग काचेकडं. मग पुन्हा तिच्याकडं. उठली, मधलं दार उघडून आत आली आणि तिच्या कानावरच्या पेट्या काढल्या.

"काकू, ही काच दुहेरी आहे. तुमच्याकडचा माइक चालू असतो, पण माझा बंद होता. तोफ उडवली तरी इकडं ऐकू येत नाही."

सातवालीनं एप्रनची सुरकुती सारखी केली.

"तुमचे दात चांगले आहेत," ती शेवटी म्हणाली. "स्वच्छ कळतं."

डॉक्टरीण हसली नाही. तिनं खुर्ची फिरवली, काचेकडं पाठ, भिंतीकडं तोंड. "आता पुन्हा."

भिंतीला एक स्क्रू होता. सातवाली त्या स्क्रूकडं बघत बसली. उजव्या कानात मधून मधून काहीतरी आलं. डाव्या कानात काहीच नाही. ती वाट बघत राहिली. एवढा वेळ काही न ऐकता ती कधी बसली नव्हती. पंधरा मिनिटांनी पेट्या काढल्या गेल्या तेव्हा तिच्या हातातलं बटण घामानं ओलं झालं होतं.

डॉक्टरीण स्टूल ओढून तिच्यासमोर बसली. अगदी समोर. "उजवा अर्धा आहे. डावा फारच कमी. गेलेला परत येत नाही, पण उरलेला सांभाळता येतो. मी खरं तेच लिहिणार, काकू."

"लिहा. पण मला पॅकिंगला पाठवू नका."

"अहो, तिथं शांत आहे. मी बघून आले. इतकी छान जागा, त्रासच नाही काही."

"तिथंच तर त्रास आहे!" सातवाली उसळली. "शेडमध्ये कुणालाच ऐकू येत नाही, म्हणून सगळे नीट बोलतात. माझ्याकडं तोंड करून. तिथं शांत आहे ना, म्हणून सगळे खाली बघून पुटपुटतात. शेडमध्ये मी बहिरी नाही. पॅकिंगमध्ये आहे. एवढंच."

आणि मग तिनं हसण्याची ती गोष्ट सांगितली. आई गेलेल्या बाईची. सांगताना तिचा आवाज आपोआप उतरला, इतका की डॉक्टरणीलाच पुढं वाकावं लागलं.

मग डॉक्टरणीनं विचारलं, "कानावर आवाज अडवणारा जाड कानटोप बसवला तर मशीनवर काम कराल?"

"तो लावला तर मशीन खोकतंय हे मला कसं कळणार?"

"आत्ता कसं कळतं?"

"हात ठेवते ना वर. हाताला कळतं."

"मग कानाचं काय अडलंय?"

सातवालीनं स्वतःच्या तळहाताकडं बघितलं.

"आता मला एक सांगा," डॉक्टरणीनं आधीच्या दहा जणांचे कागद पुढं ओढले. "माझं कोपर किती जणांनी बघितलं?"

"कसलं कोपर?"

"काकू."

"मी दुसऱ्याचं काही सांगत नसते. ज्याची पापं त्याच्या पदरात."

"सांगू नका. हे बघा." तिनं कागदावर बोट ठेवलं. "दहाही जणांचे कान नवजात बाळासारखे. एकही शिट्टी सुटलेली नाही. पण यंत्रात सगळं नोंदलं जातं, कधी शिट्टी वाजली आणि कधी बटण दाबलं. हे बघा, इथं शिट्टी वाजलीच नाही आणि बटण दाबलंय. इथंही. दहाही जणांचं तसंच. मी विचार करत होते, यंत्र बिघडलं की काय. आता लक्षात आलं." तिनं टेबलावरचा कप उचलला. कोपर हललं. "मी चहा पीत होते."

सातवालीनं फार प्रयत्न केला. पदर तोंडावर घेतला, खांदे घट्ट धरले. पण हसू आलं ते आलंच, आणि ते सात नंबरचं हसू होतं. गाडी हलली. डॉक्टरीणही शेवटी हसली, डोळे पुसत म्हणाली, "दोन कप प्यायले हो मी!"

दाराच्या पायऱ्या वाजल्या. फोरमन आत आला. त्याच्या हातात यादी होती.

"झाली का हिची?" तो ओरडला. गाडीत बाहेरचा आवाज येत नव्हता, ओरडायची गरज नव्हती, पण तो तसाच बोलतो. "काय निघालं? नाही ना येत ऐकू? मला माहीतच होतं. पॅकिंगच्या यादीत पहिलं नाव हिचंच टाकलंय. तुम्ही फक्त सही करा."

"हिचं एकटीचं का?" डॉक्टरीण त्याच्याकडं तोंड करून म्हणाली. "सगळी अकरा टाका. बाकीचे दहा मी उद्या पुन्हा तपासणार आहे, भिंतीकडं तोंड करून. काय निघणार ते मला आत्ताच दिसतंय."

"अकरा?" फोरमनचा चेहरा खिळ्यासारखा ठेचला गेला. "अकरा पॅकिंगला गेले तर खिळे काय मी दातानं काढू?"

"तोच प्रश्न मला पडला."

"नवीन माणसं घेऊ."

"घ्या. पाच वर्षांनी त्यांची यादी करायला मीच येईन. साहेब, माणसं हलवून काही होणार नाही. मशीनांवर झाकणं बसवा, त्यांच्या पायाखाली जाड रबर टाका, प्रत्येकाला चांगले कानटोप द्या. मी वर तसं लिहून पाठवतेय. आणि या बाई सात नंबरवरच राहतील, कानटोप लावून. त्या तयार आहेत. आहात ना?"

"रंग कुठला मिळेल?" सातवालीनं विचारलं.

फोरमननं यादीकडं बघितलं. पहिल्या नावाकडं बराच वेळ. मग काहीतरी पुटपुटत तो दाराकडं वळला. पाठ फिरवूनच उभा राहिला, खिशात चष्म्याचं घर चाचपत.

डॉक्टरणीनं सातवालीकडं बघून एक भुवई उचलली, आणि फोरमनच्या पाठीला उद्देशून, साध्या घरगुती आवाजात म्हणाली, "साहेब, बारावी खुर्ची तुमची. तुम्ही कधी बसताय?"

सातवालीला ते ऐकू आलं नाही. पण ओठांवर दिसलं, अक्षर न् अक्षर. तिनं फोरमनच्या पाठीकडं बघितलं. पाठ हलली नाही. कानही नाही.

"साहेब?" डॉक्टरीण पुन्हा म्हणाली. "तुमचे कान कधी तपासायचे?"

फोरमननं मागं न बघताच यादीची घडी घातली, मग घडीची घडी, ती खिशात कोंबली, आणि पायऱ्या उतरून आवार ओलांडत शेडकडं निघून गेला.